भिंत सुकली हे हात लावून कळत नाही: वादळानंतर कॉन्ट्रॅक्टर निवडताना

वादळ येऊन गेलं, छपरातून नाहीतर खिडकीच्या फटीतून पाणी आत आलं, लादी पुसून झाली, पंखे दोन दिवस फुल स्पीडवर फिरवले आणि आता भिंतीला हात लावला तर कोरडी लागतेय. बहुतेक लोक इथे थांबतात आणि खरं सांगायचं तर बरेच कॉन्ट्रॅक्टरपण इथेच थांबतात, वरून रंगाचा हात मारून बिल देतात. मग काही आठवड्यांनी रंगाला फुगे, कपाटामागे काळे ठिपके, खोलीत शिरलं की कुबट वास. म्हणून वादळी भागात घर असेल तर माझं ठाम मत आहे की काम पाणी उपसणाऱ्याला नाही, पाणी मोजणाऱ्याला द्यायचं. हे का, ते समजायला भिंतीच्या आत काय चालतं ते थोडं बघावं लागेल.

वीट, गिलावा, काँक्रीट, लाकूड, या सगळ्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात आणि पाणी त्यातून आपसूक वर चढतं. छिद्र जितकं बारीक तितकं पाणी जास्त उंच. हिशोब केला तर ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी जवळपास दीड मीटर चढू शकतं. खऱ्या भिंतीत छिद्रं वेडीवाकडी असतात, वाटेत बाष्पीभवनही होत असतं, त्यामुळे एवढं सहसा चढत नाही, पण घोट्याएवढं पाणी साचलं होतं म्हणून भिंत घोट्याएवढीच भिजली असं समजणं चूकच. जिप्सम बोर्डाचं तर विचारूच नका, त्याच्या दोन्ही बाजूंना कागद असतो, कागद म्हणजे सेल्युलोज आणि सेल्युलोज म्हणजे बुरशीचं आवडतं खाणं.

आता सुकण्याचं बघू. ओली वस्तू दोन टप्प्यांत सुकते. पहिल्या टप्प्यात पृष्ठभागावर पाणी असतं, आतूनही भराभर येत असतं, त्यामुळे पंख्याचा वारा लागला की काम झपाट्याने होतं. नंतर वरचा थर कोरडा पडतो आणि ओल आत सरकते, मग वेग पंखा ठरवत नाही, भिंत ठरवते, कारण आतलं पाणी बाहेर यायचं तर त्याला त्या बारीक छिद्रांतून वाट काढत यावं लागतं. जाडी दुप्पट झाली की या टप्प्याला लागणारा वेळ साधारण चौपट होतो. आपला हात फक्त वरचा थर तपासतो, आणि तो थर सगळ्यात आधी सुकलेला असतो, म्हणून फसगत होते.

इथे ओल मोजणारा मीटर लागतो. एका प्रकारच्या मीटरला दोन टोकदार पिना असतात, त्या भिंतीत किंवा लाकडात टोचायच्या आणि मधला विद्युत रोध मोजायचा, ओल जास्त तर रोध कमी. दुसऱ्या प्रकारात पिना नसतात, नुसता पृष्ठभागावर टेकवायचा, तो आत विद्युतक्षेत्र पाठवतो आणि पाणी ओळखतो, कारण पाण्याचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे विद्युतक्षेत्राला वस्तू किती प्रतिसाद देते त्याचं माप, ८० च्या आसपास असतो आणि कोरड्या लाकडाचा त्याच्या मानाने अगदीच किरकोळ. दोन्ही फसू शकतात. भिंतीत क्षार असतील, लोणा लागलेला असेल, तर पिनवाला मीटर ओल आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, आणि मागे लोखंडी सळई किंवा पाइप असेल तर दुसरा गडबडतो. शिवाय मीटरवरचे टक्के बहुतेक वेळा लाकडासाठी बसवलेले असतात. लाकडाला २० टक्क्यांच्या खाली आणणं हा सर्वसाधारण नियम आहे कारण त्याच्या वर राहिलं तर कुजण्याची भीती, पण तोच मीटर गिलाव्यावर लावून १८ आलं म्हणून भिंत सुकली असं कोणी म्हणत असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. गिलाव्यासाठी तुलना करायची असते. त्याच घरातली, तशीच बांधलेली, न भिजलेली भिंत शोधायची, तिथलं रीडिंग घ्यायचं आणि भिजलेली भिंत त्याच्या जवळ आली की सुकली.

चांगला माणूस काम कसं करतो बघा. स्कर्टिंगपासून सुरुवात, मग एक वीत वर, मग आणखी एक वीत, असं रीडिंग कोरडं येईपर्यंत वर जातो, भिंतीवर पेन्सिलने बारीक फुल्या मारतो आणि दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच फुल्यांवर परत मीटर लावतो. तारीख, खोली, जागा, आकडा, हवेचं तापमान, आर्द्रता, सगळं एका तक्त्यात. हा रोजचा तक्ता मागा. "आमचा अंदाज चुकत नाही" असं उत्तर आलं तर नमस्कार करून मोकळे व्हा. थर्मल कॅमेरा दाखवून कोणी इंप्रेस करत असेल तर एवढं लक्षात ठेवा की कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमान दिसतं. ओली जागा बाष्पीभवनामुळे थंड असते म्हणून ती वेगळी उठून दिसते, पण एसीचा गार झोत लागलेली कोरडी भिंतपण तशीच दिसेल. कॅमेऱ्याने शोधायचं आणि मीटरने खात्री करायची.

मशीनबद्दल तर हमखास घोळ होतो. नुसते मोठे पंखे आणून लावले तर पाणी भिंतीतून हवेत जातं, पण हवेतून कुठे जाणार? ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. चार बाय तीन मीटरची, तीन मीटर उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर, म्हणजे सगळी मिळून एक लिटरच्या जरा वर. आणि भिंतीत किती पाणी? चार मीटर लांब, २० सेंटीमीटर जाड भिंतीचा खालचा अर्धा मीटर भिजला आणि त्यात पाणी घनफळाच्या १० टक्के धरलं तरी ४० लिटर. बंद बाथरूममध्ये ओले कपडे वाळत घातल्यासारखं होतं ते, कपडे ओलेच राहतात आणि वर आरसा धुरकट. खिडक्या उघडा म्हणावं तर वादळानंतर बाहेरची हवाच दमट असते. म्हणून डीह्युमिडिफायर लागतो, जो हवेतली वाफ थंड करून पाणी बनवतो आणि बाहेर काढतो. गंमत म्हणजे एक लिटर पाणी असं काढताना वाफेतली सुमारे ०.७ युनिट (विजेच्या बिलावरचं तेच युनिट) उष्णता खोलीत परत येते, खोली उबदार होते आणि सुकण्याला मदतच होते. कॉन्ट्रॅक्टरला विचारायचं की किती मशीन, कशाच्या हिशोबाने, आणि चालू असताना दारं-खिडक्या बंद ठेवायच्या की उघड्या. ज्याला हे माहीत आहे तो खोलीचं माप आणि बाहेरची आर्द्रता विचारल्याशिवाय उत्तर देत नाही.

पाणी कुठून आलं हे पण त्याने विचारलं पाहिजे. या धंद्यात वापरलं जाणारं आयआयसीआरसीचं (साफसफाई आणि दुरुस्तीच्या कामाचे नियम ठरवणारी संस्था) एस-५०० नावाचं मानक पाण्याचे तीन प्रकार करतं: स्वच्छ, बऱ्यापैकी दूषित आणि अतिदूषित. फुटलेल्या नळाचं पाणी पहिल्यात, पण तेच फॉल्स सीलिंगमधून झिरपून दोन-तीन दिवस साचून राहिलं तर खालच्या प्रकारात घसरतं. जमिनीवरून वाहत आलेलं पुराचं किंवा गटाराचं पाणी सरळ तिसऱ्यात. तिसऱ्या प्रकारात भिजलेले गालिचे, गाद्या, जिप्सम बोर्ड सुकवत बसायचे नसतात, कापून फेकायचे असतात, आणि साफसफाई व्हायच्या आधी त्यावर पंखा लावला तर घाण अख्ख्या घरात उडते. ब्लीच मारून देतो म्हणणाऱ्यापासूनपण सावध, सच्छिद्र वस्तूत ब्लीचचा परिणाम वरवरच राहतो आणि त्यातलं पाणी मात्र आत मुरतं.

तळघर असेल तर आणखी एक, आणि हे जिवावर बेतणारं आहे. पाणी बघून लगेच मोठा पंप लावायची घाई नको. बाहेरची माती पाण्याने भरलेली असताना आतलं पाणी एकदम काढलं तर भिंतीवर बाहेरून एकतर्फी दाब येतो, एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे एक टन असतो, आणि अशा भिंती आत कोसळू शकतात. बाहेरचं पाणी ओसरल्यावर रोज थोडं-थोडं, साधारण एक तृतीयांश काढायचं. वीज बंद केल्याशिवाय तर आत पायच टाकायचा नाही.

वेळेचं गणित मात्र विरुद्ध बाजूने दाबतं. ओल्या कागद-लाकडावर बुरशी २४ ते ४८ तासांत धरायला लागते, आणि वादळानंतर नेमका त्याच दोन दिवसांत प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरचा फोन बिझी असतो. मग दारावर जो येईल त्याच्या हातात अ‍ॅडव्हान्स ठेवला जातो, त्याचं मला खूप वाईट वाटतं कारण घाबरलेल्या माणसाकडे त्या वेळी दुसरा पर्याय दिसत नाही. म्हणून माणूस सीझनच्या आधीच ठरवून ठेवायचा, कोटेशनमध्ये काय-काय धरलंय ते लेखी घ्यायचं, पूर्ण पैसे आधी द्यायचे नाहीत. काम कधी संपलं हे "भिंत सुकेपर्यंत" असं मोघम नको, न भिजलेल्या भिंतीच्या रीडिंगवर बांधलेलं हवं. विम्याचा सर्व्हेअर यायची वाट बघत सगळं ओलं ठेवू नका, फोटो काढा, काय फेकलं त्याची यादी आणि छोटा नमुना ठेवा, कंपनीला कळवा आणि सुकवायला लागा, कारण नुकसान वाढू न देणं ही जबाबदारी बहुतेक पॉलिसींमध्ये आपल्यावरच असते.

आणि मशीनचं भाडं दिवसावर असेल तर मोजणारा आणि कमावणारा एकच होतो, त्यामुळे एक साधा पिनवाला मीटर घरात असलेला बरा. कोरड्या ऋतूत प्रत्येक खोलीत तीन-चार ठरलेल्या जागी रीडिंग घेऊन ठेवा, जागेचा फोटो आणि आकडा, मीटरचं मॉडेलपण लिहा कारण वेगळ्या मीटरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तो कागद पॉलिसीच्या फाइलमध्ये आणि त्याचा फोटो मोबाइलवर ठेवा, म्हणजे फाइल भिजली तरी कॉन्ट्रॅक्टरला दाखवायला आकडे हातात असतील.