कारोत्सेरिया

मोटारीची बॉडी हाताने घडवणारी इटालियन कार्यशाळा. व्यापक अर्थाने, अशा कार्यशाळांतून वाढलेली बांधणीची परंपरा. एंजिन, गिअरपेटी व चासी (गाडीचा खालचा सांगाडा) कारखान्याची आणि वरचे पत्र्याचे काम कारोत्सेरियाचे, ही वाटणी घोडागाड्यांच्या काळापासून चालत आली. तूरिनमधील बेर्तोने (१९१२) व पिनिनफारिना (१९३०), मिलानमधील झागातो (१९१९) व टूरिंग (१९२६) आणि मोदेनातील स्काल्येत्ती या त्यांपैकी प्रमुख होत. फेरारी, लाम्बोर्गिनी व माझेराती यांच्या विख्यात गाड्यांचे रूप बहुतांशी याच कार्यशाळांतून आले.

पत्राकाम : बॉडीचा आकार आधी लाकडी साच्यावर किंवा तारांच्या जाळीवर ठरवला जाई. ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा वाळूच्या पिशवीवर किंवा लाकडी ओंडक्यातील खळग्यावर ठोकून फुगवत, मग मठारून गुळगुळीत करत आणि साच्यावर पुनःपुन्हा लावून पाहत. ठोके बसतील तसा पत्रा कडक होतो व अखेर तडकतो; म्हणून मधूनमधून त्याला ताव द्यावा, म्हणजे तापवून नरम करावे लागते. ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही, थेट वितळते. त्यामुळे ताव ओळखण्यासाठी पत्र्यावर साबणाची रेघ ओढण्याची जुनी युक्ती वापरतात : रेघ काळी पडली की ज्योत बाजूला. तुकडे गॅसने जोडून सांधे कानशीने एकजीव करत. असे काम डोळ्याच्या अंदाजाने होत असल्याने एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे पत्रे एकमेकींना बसतीलच असे नाही, आणि काही गाड्यांत डावी-उजवी बाजूही तंतोतंत सारखी नसते. पुनर्बांधणी करणाऱ्यांची खरी डोकेदुखी ती हीच.

सुपरलेजेरा : ‘अतिहलकी’ या अर्थाची ही पद्धत टूरिंगने १९३६-३७ च्या सुमारास प्रचारात आणली. बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा चासीवर उभारून त्यावर पातळ ॲल्युमिनियम पत्रा चढवला जाई. पत्र्याच्या कडा नळीभोवती वळवून बसवत. नळी व पत्रा यांच्यामध्ये कापडासारख्या पदार्थाचा थर ठेवणे आवश्यक असे, कारण पोलाद व ॲल्युमिनियम यांचा थेट स्पर्श होऊन त्यात ओल शिरली, तर ॲल्युमिनियम खाल्ले जाते. आजही जुन्या सुपरलेजेरा गाड्या प्रथम याच जागी कुजतात. पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एक मत ती विमानबांधणीतून आल्याचे मानते. दुसऱ्या मतानुसार तिचे मूळ लाकडी चौकटीवर कापड ताणणाऱ्या, ‘वेमान’ (Weymann) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बॉडीबांधणीच्या पद्धतीत आहे. टूरिंगकडे वेमान पद्धतीचा परवाना आधीपासून होता, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र तत्कालीन विमानांचा सांगाडाही याच जातीचा असल्याने पहिले पूर्णपणे बाजूला सारता येत नाही. फेरारी १६६ एमएम बार्केत्ता (१९४८) हे या पद्धतीचे ख्यातनाम उदाहरण. ब्रिटनमध्ये ॲस्टन मार्टिनने डीबी४ साठी (१९५८) तिचा परवाना घेतला. मूळ टूरिंग १९६६ च्या अखेरीस बंद पडली.

कर्तृत्वाचा प्रश्न : हातघडणीत आकार कागदावर कमी व पत्र्यावर अधिक ठरत असल्याने तो नेमका कोणाचा, हा वाद वारंवार उद्‌भवतो. फेरारी २५० जीटीओची (१९६२) सुरुवात अभियंते जोत्तो बित्सारिनी यांनी केली. १९६१ च्या अखेरीस ते फेरारी सोडून गेल्यावर काम माउरो फोर्गिएरी यांच्याकडे आले आणि अंतिम पत्रे सेर्जो स्काल्येत्ती यांच्या कार्यशाळेत घडले. तिचा एकच शिल्पकार सांगणे योग्य ठरणार नाही. गाड्यांची संख्याही ३६ किंवा ३९ अशी दिली जाते. चार लिटर एंजिनाच्या तीन गाड्या धराव्यात की नाही, यावर ते अवलंबून आहे.

लाम्बोर्गिनी मिउराबाबतचा वाद अधिक गाजला. जान पाओलो दाल्लारा व पाओलो स्तान्झानी या अभियंत्यांनी तिचे बारा सिलिंडरांचे एंजिन आसनांमागे आडवे बसवले आणि गिअरपेटी त्याच्याच ओतीव भागात सामावून घेतली. नुसती चासी नोव्हेंबर १९६५ मध्ये तूरिनच्या प्रदर्शनात मांडण्यात आली. पूर्ण गाडी मार्च १९६६ मध्ये जिनीव्हात दिसली. नेमक्या याच सुमारास बेर्तोनेतून आकृतिकार जोर्जेत्तो जुजारो बाहेर पडले व त्यांच्या जागी मार्चेल्लो गांदिनी रुजू झाले. जुजारो यांच्या आधीच्या रेखाटनांशी मिउराचे काही साम्य दाखवले जाते. तथापि चासीवरची प्रत्यक्ष बॉडी गांदिनी यांच्या काळात साकारली, आणि बहुतेक अभ्यासक श्रेय त्यांनाच देतात. पत्रा ठोकणाऱ्या कारागिरांची नावे मात्र क्वचितच नोंदली गेली.

उत्तरकाल : फेरारी एफ४० (१९८७) मध्ये पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर संमिश्र द्रव्यांचे पत्रे आले. पगानी या इटालियन कंपनीच्या झोंडा (१९९९) व हुआयरा (२०११) या गाड्यांत कार्बन तंतूंचे राळभरले कापड साच्यात हाताने थरावर थर अंथरून, निर्वात पिशवीत बंद करून, दाब व उष्णता देणाऱ्या भट्टीत पक्के करतात. विणीच्या रेषा सांध्यावर जुळवणे हे यातले कौशल्याचे काम. हातोडा गेला, हातकाम राहिले.

पिनिनफारिनाची मालकी डिसेंबर २०१५ मधील करारानंतर मुंबईच्या महिंद्र समूहाकडे आली. याच समूहाच्या ऑटोमोबिली पिनिनफारिनाने संस्थापकाच्या नावाची ‘बात्तिस्ता’ ही विजेवर चालणारी १,९०० अश्वशक्तीची गाडी २०१९ मध्ये जिनीव्हात सादर केली. तिची बांधणी तूरिनजवळ कांबियानो येथे होते आणि उत्पादन १५० गाड्यांपुरते मर्यादित ठेवण्यात आले आहे.