आधारची झेरॉक्स न देता ओळख पटवता येते: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

देशातला पहिला आधार क्रमांक आपल्या खान्देशात दिला गेला, 29 सप्टेंबर 2010 रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. त्यानंतरच्या वर्षांत सिमकार्ड, भाड्याची खोली, क्लासचा प्रवेश, लॉजवरचा मुक्काम, जिथे तिथे आधारची झेरॉक्स देण्याची आपल्याला सवय लागली. ती झेरॉक्स पुढे कोणत्या फायलीत पडते, कोणाच्या मोबाईलमध्ये फोटो होऊन राहते, हे आपण विचारत नाही. विचारलं पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आम्ही क्लास, प्रशिक्षण केंद्रं, रोपवाटिका आणि पतसंस्थांना ब्लॉकचेनवर तपासता येणारी प्रमाणपत्रं तयार करून देतो. शुल्क संस्था भरते. प्रमाणपत्र मात्र तुमच्या नावाने निघतं आणि तुमच्याच फोनमध्ये राहतं, म्हणून हे पत्रक तुमच्यासाठी.

ब्लॉकचेनवर नेमकं काय जातं

गावात फेरफाराच्या नोंदी चावडीवर वाचून दाखवतात. नोंद सगळ्यांनी ऐकलेली असते, त्यामुळे मागाहून कोणी गुपचूप खाडाखोड केली तर ती लपत नाही. ब्लॉकचेनचं मूळ तत्त्व हेच. एकच नोंदवही अनेक संगणकांवर असते, आणि नोंदींचा प्रत्येक नवा गठ्ठा आधीच्या गठ्ठ्याला गणिताने बांधलेला असतो. मधली एक नोंद बदलायची तर तिच्यानंतरची सगळी साखळी नव्याने मांडावी लागते, आणि ती बाकीच्या संगणकांनी मान्यही करावी लागते. 2009 मध्ये बिटकॉइन सुरू झालं ते याच पद्धतीवर. पण ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइन नव्हे. आमच्या प्रमाणपत्रासाठी तुम्हाला कुठलंही नाणं विकत घ्यावं लागत नाही. ब्लॉकचेनच्या नावाने पैसे दुप्पट करून देणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहा. फसवणूक झालीच असेल तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

तुमचं नाव, जन्मतारीख, गुण, फोटो यांतलं काहीही आम्ही साखळीवर टाकत नाही. तिथे जातो तो प्रमाणपत्राचा हॅश. मजकूर कितीही मोठा असो, एसएचए-256 या पद्धतीने त्याची 64 अक्षर-अंकांची एक खूण तयार होते. मजकुरात एक वेलांटी बदलली तरी खूण पूर्ण वेगळी येते, आणि नुसत्या खुणेवरून मूळ मजकूर उलगडता येत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि तो आम्ही फार महत्त्वाचा मानतो. आधार क्रमांक 12 अंकी असतो. त्याचा नुसता हॅश उघड्यावर ठेवला, तर आजचे संगणक शक्य असलेले सगळे 12 अंकी आकडे तपासून मूळ क्रमांक शोधून काढू शकतात. म्हणून आधार क्रमांक आम्ही प्रमाणपत्रात घेतच नाही, आणि बाकीच्या माहितीचा हॅश काढण्याआधी तिच्यात एक लांबलचक, प्रत्येकासाठी वेगळी, यंत्राने निवडलेली संख्या मिसळतो. दुसरं कोणी तुम्हाला अशी सेवा देऊ करत असेल, तर हा प्रश्न त्यांना जरूर विचारा. साखळीवर गेलेलं परत पुसता येत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे, म्हणून पुसावी लागू शकेल अशी माहिती साखळीच्या बाहेरच ठेवावी लागते.

कामाच्या वेळी

समजा रावेरची एक मुलगी पुण्याच्या दवाखान्यात नोकरीसाठी गेली. तिचं प्रशिक्षण प्रमाणपत्र संस्थेने डिजिटल सही करून तिच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये, म्हणजे प्रमाणपत्रं ठेवायच्या ॲपमध्ये, दिलेलं आहे. ती क्यूआर कोड दाखवते. दवाखान्याचा माणूस तो स्कॅन करतो. सही त्याच संस्थेची आहे का, मजकूर बदललेला नाही ना, प्रमाणपत्र मागाहून रद्द झालं नाही ना, या तीन गोष्टी तिथल्या तिथे कळतात. संस्थेला फोन लावून दोन दिवस उत्तराची वाट बघायला नको. शिवाय काय दाखवायचं हे ती ठरवते. वय 18 च्या वर आहे एवढंच हवं असेल तर जन्मतारीख झाकून ठेवता येते.

धडगाव, मोलगीकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांचा विचार आमच्या मनात कायम असतो. परमुलखात कागद भिजतात, हरवतात, मुकादमाकडे अडकून पडतात. डोंगरात नेटवर्कही धड नसतं. सहीची तपासणी नेटवर्कशिवायही होते, फक्त तपासणाऱ्याच्या फोनमध्ये संस्थेची सार्वजनिक किल्ली, म्हणजे तिची सही पडताळण्याचा सगळ्यांना खुला असलेला कोड, आधी उतरवलेली हवी. प्रमाणपत्र रद्द झालंय का, हे बघायला मात्र नेट लागतंच.

हे आपल्या राज्यात अगदीच नवीन नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत 2022 मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर तपासता येतील असे करण्याचं काम हाती घेतलं गेलं. आम्ही प्रमाणपत्राचा जो नमुना वापरतो तो वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2019 मध्ये प्रमाण म्हणून मान्य केलेला आहे. उद्या आमची फर्म बंद पडली, तरी हा नमुना वाचणाऱ्या दुसऱ्या ॲपमध्ये तुमचं प्रमाणपत्र उघडलं पाहिजे, यासाठी ही निवड.

जे ब्लॉकचेनला जमत नाही

चुकीची नोंद खरी करणं. आपल्याकडे दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरंच, हे घरोघरी आहे. कुठे पाटील, कुठे पाटिल, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, तर कुठे लग्नानंतरचं नाव अर्धवट बदललेलं. चुकीचं नाव साखळीवर पक्कं झालं तर जुनं प्रमाणपत्र रद्द करून नवं काढावं लागतं, आणि रद्द केल्याची नोंद कायम राहते. त्यामुळे प्रमाणपत्र निघण्याआधी आम्ही मसुदा तुमच्या हातात देतो. तो घरी न्या, शिकलेल्या मुलाकडून नाही तर पुतणीकडून वाचून घ्या, कानामात्रा तपासा आणि मगच हो म्हणा. घाई करू नका, आम्हीही करणार नाही.

बँक आणि सरकारी कार्यालयं जिथे कायद्याने आधार किंवा पॅन मागतात, तिथे ते द्यावंच लागेल. आमचं प्रमाणपत्र त्यांची जागा घेत नाही. खुद्द आधारही ब्लॉकचेनवर नाही, त्याची माहिती आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या केंद्रीय भांडारात असते. तरीही आधार देताना काळजी घेता येते. शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार उतरवून घ्या, बोटांचे ठसे लॉक करून ठेवा, आणि झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कारण व तारीख लिहून आडवी सही करा. ठसे लॉक करणं आमच्याकडे कोणालाही विनामूल्य शिकवतो, तुम्ही आमचे ग्राहक असा वा नसा.

किल्ली सांभाळा

वॉलेट सुरू करताना 12 शब्द दिसतात, तीच तुमची किल्ली. फोन हरवला तर वॉलेट परत मिळवायचा तोच मार्ग. ते शब्द कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. त्यांचा फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर पाठवू नका, आणि आमच्या नावाने फोन आला तरी सांगू नका. आम्ही ते कधीही मागत नाही. शब्दही गेले आणि फोनही गेला, तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे जा. मूळ नोंद त्यांच्या रजिस्टरात असते, त्यावरून ओळख पटवून नवं प्रमाणपत्र काढून मिळतं.

स्मार्टफोन नसलेल्या आजी-आजोबांना आणि मजूर बांधवांना आम्ही क्यूआर छापलेलं जाड कार्ड देतो. त्याला चकचकीत लॅमिनेशन करू नका, उन्हात स्कॅन होत नाही. कार्ड हरवलं तर लगेच कळवा, म्हणजे जुनं त्याच दिवशी रद्द करता येईल.