तुझी वाटी, माझी वाटी

गणपतीच्या आदल्या रात्री आमच्या नात्यातल्या बायका फोनवर जाग्याच असतात. रत्नागिरीची काकू दरवर्षी उकडीची तीच कृती पाठवते: वाटीला वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप, पाणी उकळलं की पिठी वैरायची, झाकण ठेवून दणदणीत वाफ काढायची आणि गरम असतानाच मळायची. लातूरची वहिनी दरवर्षी अक्षर न अक्षर तसंच करते आणि दरवर्षी कळ्या पाडताना तिची पारी चिरते.

"काकू, तुमची वाटी मोठी आहे का हो?"

"वाटी तीच गो. हात बदल."

"हात तोच आहे. ह्याच हातानं पुरण करते. मागच्या गौरीला तुम्ही आमच्याकडे डाळ शिजवलीत, ती आठवते ना?"

आठवत होती. लातूरच्या स्वयंपाकघरात काकूने लावलेली हरभरा डाळ चार शिट्ट्या होऊनही दातांखाली कचकच लागत होती आणि काकूने त्याचं खापर कुकरवर फोडलं होतं. इथवर चाललेली थट्टा मग कुठेतरी वळण घेते, कुणीतरी दुखावतं आणि दोन दिवस कुणी बोलत नाही. मी रसायनशास्त्र शिकले आहे, आणि ह्या भांडणाचा मी बरीच वर्षं विचार केला आहे. माझं ठाम मत असं की दोघींचंही बरोबर होतं. चुकत होती ती कृती, कारण तिच्यात सगळ्यांत महत्त्वाच्या गोष्टी लिहिलेल्याच नव्हत्या.

त्या का लिहिल्या जात नाहीत? १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन ह्या विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. काही जणांनी सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चाललेलं असतं, सुरांसकट, शब्दांसकट. ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. काकू "वाटीला वाटी" लिहिते तेव्हा तिच्या डोक्यात तिची विहीर, तिचा तांदूळ, तिची गिरणी, तिची जाड बुडाची कढई सगळं असतं. वहिनीपर्यंत पोचते ती टकटक.

आता त्या गाण्याचे सुटलेले सूर शोधू. पहिला तांदूळ.

तांदळाच्या पिठात मुख्यतः स्टार्च असतो, आणि स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात. अमायलोज म्हणजे सरळसोट लांब साखळी, आणि अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्या फुटलेलं झुडूप. थंड पाण्यात हे दोन्ही घट्ट कणांमध्ये बंद असतात. पाणी तापलं की, तांदळाच्या जातीप्रमाणे साधारण ५५ ते ७९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची आतली घडी उलगडते आणि अमायलोज बाहेर झिरपतं. उकड म्हणजे हेच, फुगलेल्या कणांना चिकटवून ठेवणारं जाळं. गव्हात ग्लुटेन असल्यामुळे कणीक ताणली जाते. तांदळात ते नाही, म्हणून मोदकाच्या पारीचा सगळा भार ह्या स्टार्चवर पडतो. गार पाण्यात मळलेल्या पिठीच्या कळ्या पडत नाहीत, त्या ह्यामुळे.

अमायलोज जास्त असलेला भात मोकळा होतो, कमी असलेला चिकट. बासमतीत ते साधारण २० ते २५ टक्के असतं, ईशान्येकडच्या चिकट तांदळांत जवळजवळ नसतंच. काकूकडे नवा आंबेमोहर येतो, तो मऊ शिजतो आणि धरून राहतो. वहिनीच्या गावी भात पिकत नाही. ती देवाचं काम म्हणून दुकानातला चांगला, महागडा, जुना तांदूळ आणते, आणि इथेच घात होतो. जुना तांदूळ महाग असतो तो पुलावासाठी. साठवणीत तांदळातल्या प्रथिनांमध्ये नवे बंध तयार होतात, स्निग्धांश फुटून मोकळी झालेली आम्लं अमायलोजला बिलगतात आणि दाणा कडक होतो. तो पाणी जास्त पितो आणि चिकटपणा कमी सोडतो. पुलावाला हवे असलेले हे गुण मोदकाला नडतात. एवढ्या श्रद्धेने आणलेल्या तांदळानेच पारी चिरावी, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा सूर गिरणीचा. काकू तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, मग दळायला देते. भिजलेला दाणा मऊ असतो, त्यामुळे दळताना स्टार्चचे कण फारसे दुखावत नाहीत. कोरडा तांदूळ दळला की पुष्कळ कण फुटतात, आणि फुटलेला कण अखंड कणापेक्षा बरंच जास्त पाणी ओढतो. तेच वाटीभर पाणी मग अपुरं पडतं. त्यातून वाटी दाबून भरली की सैल भरली, ह्याने वजनात चांगलाच फरक पडतो. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर एकदा दोन्ही वाट्या तोलून बघा, "वाटीला वाटी" ह्या मापावरचा विश्वास डळमळेल.

गरम असतानाच मळायची, हा काकूचा हट्ट मात्र शंभर टक्के खरा आहे. उकड निवायला लागली की अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींशेजारी रांगेत बसतात आणि जाळं ताठ होतं. ताठ झालेलं अमायलोज नुसत्या वाफेने परत सैल होत नाही, त्याला शंभर अंशांच्या बराच वर जावं लागतं. अमायलोपेक्टिनचं तसं नाही, ते ताठ व्हायला वेळ घेतं आणि ६० अंशांच्या आसपास पुन्हा सुटतं. फ्रिजमधला दगडासारखा भात वाफवल्यावर मऊ होतो तो त्याच्यामुळे. चमचाभर तुपाचंही काम आहे. स्निग्ध पदार्थ अमायलोजच्या वेटोळ्यात शिरून बसतात आणि उकड हाताला कमी चिकटते.

तेव्हा तांदूळ जुना किंवा पीठ कोरडं दळलेलं असेल तर पाणी दोन-तीन चमचे जास्त, वाफ थोडी जास्त वेळ, आणि मळताना हाताला पाणी. ह्यात हात बदलण्याचा काही संबंध नाही.

आता लातूरची डाळ. हा भाग मला सगळ्यांत आवडतो, कारण इथे भांडणाच्या मुळाशी थेट जमीन निघते. कोकणात जांभा दगड. हजारो पावसाळ्यांनी धुऊन निघालेल्या ह्या दगडात विरघळण्याजोगे क्षार फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे तिथल्या विहिरींचं पाणी बहुधा मृदू असतं. मराठवाड्यात खाली काळा बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांतून मुरत गेलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन वर येतं. बादलीवर पांढरे डाग, साबणाला फेस नाही, आणि डाळ शिजत नाही, ही तिन्ही गाऱ्हाणी एकाच कारणाची.

डाळीतल्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. आच लागली की पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात, आणि त्यालाच आपण डाळ शिजली म्हणतो. कॅल्शियम पेक्टिनच्या दोन साखळ्यांना सांधून ठेवतं, ते विरघळू देत नाही. आम्लही पेक्टिनला टिकवतं, म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालायचं. सोड्याने उलट पेक्टिन लवकर तुटतं, आणि लातूरकडच्या बायकांचा चिमूटभर सोडा ह्यासाठीच असतो. त्याला आळशीपणा म्हणणं हा अन्याय आहे, त्यांच्या पाण्याला दिलेलं ते उत्तर आहे. सोडा जास्त झाला तर चव साबणासारखी होते आणि बी-१ जीवनसत्त्व नाश पावतं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. मिठाने डाळ शिजत नाही हा समज मी लहानपणापासून ऐकत आले. उलट मिठाच्या पाण्यात भिजवलेली कडधान्यं लवकर मऊ होतात, कारण सोडियम कॅल्शियमची जागा घेतं.

आपल्या भाषेत न शिजणाऱ्या दाण्याला गणंग म्हणतात. शास्त्रज्ञ त्यात दोन प्रकार वेगळे करतात. एकाचं साल इतकं घट्ट असतं की पाणी आतच जात नाही. मटकी भिजवल्यावर तळाशी खड्यासारखे राहतात ते हे. दुसरा प्रकार पाणी पितो, फुगतो, पण शिजत नाही. उष्ण, दमट जागी बरेच महिने पडून राहिलेल्या कडधान्यात फायटेट ह्या साठवणीच्या पदार्थाचं विघटन होतं, त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटतं आणि पेशींच्या सांध्यांमधल्या पेक्टिनला जाऊन मिळतं. म्हणजे जुनं धान्य जड पाण्याचा त्रास स्वतःच्या पोटातूनच देतं.

उंचीचंही थोडं आहे. साधारण तीनशे मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात पाणी ९५-९६ अंशांवरच उकळतं, त्यामुळे डाळीला वेळ जास्त लागतो. कुकर हा फरक बराचसा पुसतो. शिट्ट्या मोजून वेळ सांगणं मात्र सोडून द्यावं असं मला मनापासून वाटतं. आच, कुकरचं माप आणि आतलं पाणी ह्यांवर शिट्टी कधी होणार ते ठरतं. तुमच्या चार शिट्ट्या माझी दहा मिनिटं असतील किंवा पंचवीस.

काही भांडणं पातेल्यात नसतातच, ती जिभेवर आणि नाकात असतात. १९३१ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स एक पांढरी पूड ओतत होते. फिनाइलथायोकार्बामाइड तिचं नाव. थोडी पूड हवेत उडाली आणि शेजारी उभे असलेले सहकारी नोलर वैतागले, केवढं कडू आहे हे! फॉक्सना काहीच लागलं नाही, आणि ते तर अधिक जवळ होते. दोघांची जुंपली. दोघांनी चाखून पाहिलं, मग इतरांना चाखायला दिलं. काहींना जहर कडू, काहींना खडूसारखं बेचव. एका क्षुल्लक वादातून चवीच्या आनुवंशिकतेचा अभ्यास सुरू झाला, आणि २००३ मध्ये टीएएस२आर३८ हे त्यामागचं जनुक हाती लागलं.

आमच्यात एक मावसबहीण कोथिंबीर ताटाबाहेर काढते. लहानपणी तिने त्यापायी पुष्कळ बोलणी खाल्ली. ती म्हणायची, साबणासारखी लागते. कोथिंबिरीतले अल्डिहाइड नावाचे काही वासाचे घटक खरोखरच साबणाच्या वासाच्या जवळचे आहेत, आणि २०१२ मधल्या एका मोठ्या अभ्यासात ही नावड वास टिपणाऱ्या ओआर६ए२ ह्या जनुकाच्या परिसराशी जोडलेली आढळली. त्याचा वाटा छोटा आहे, सवयीचा मोठा. त्याच वर्षी टोरांटो विद्यापीठातल्या तरुणांच्या पाहणीत युरोपीय वंशाच्या १७ टक्क्यांना कोथिंबीर नावडती होती, दक्षिण आशियाई वंशाच्या फक्त ७ टक्क्यांना. त्या सात टक्क्यांतली आमची मावसबहीण. तिची माफी मी मागितली आहे.

एवढी भांडणं होऊनही कुणी फोनवरचा गट सोडत नाही, ह्यालाही शास्त्रीय कारण दिसतं. हसण्याचा अभ्यास करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन ह्यांनी १,२०० प्रसंग टिपले. बहुतेक हशा विनोदावर नव्हताच, "बरं, निघते मी" असल्या साध्या वाक्यांवर होता. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार ह्यांच्या गटाला दिसलं की सोबतीने हसल्यावर माणसं वेदना अधिक सोसू शकतात. पुढे फिनलंडमध्ये मेंदूची चित्रं घेऊन तपासलं, तर मित्रांसोबत हसल्यावर मेंदूत अफूच्या जातीची नैसर्गिक द्रव्यं खरोखर स्रवत होती. माकडं एकमेकांच्या उवा काढत बसतात तेव्हाही तीच स्रवतात. माकड एका वेळी एकाच्याच उवा काढू शकतं, थट्टा मात्र एका वेळी चौघींना पुरते.

पण लिहिलेली थट्टा फसते. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना उपरोधाची आणि सरळ अर्थाची वाक्यं पाठवायला सांगितली. पाठवणाऱ्यांना वाटलं, समोरचा ७८ टक्के वेळा बरोबर ओळखेल. आवाज ऐकणाऱ्यांनी ७३ टक्के ओळखलं, नुसतं वाचणाऱ्यांनी ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवण्याहून थोडंसंच बरं. इथेही न्यूटनबाईंचा ठेकाच आहे. "हात बदल" लिहिताना काकू हसत होती. वहिनीला ते हसू ऐकूच गेलं नाही.

ह्या वर्षी वहिनीने रुसवा धरला नाही. तिने सरळ फोन लावला आणि विचारलं, "काकू, तांदूळ कुठला?"

"कुठला म्हणजे? आपला तांदूळ." काकूला हा प्रश्न ह्याआधी कुणी विचारलाच नव्हता. मग वाण निघाला, धुणं-वाळवणं निघालं, गिरणी निघाली, विहीर निघाली. अर्धा तास गेला. त्या रात्री वहिनीच्या पहिल्या घाण्यातले दोन मोदक चिरले, बाकीचे एकवीस धड निघाले, आणि चिरलेल्यांच्या उकडीत मिरची-जिरं घालून तिने निवगऱ्या केल्या. फोटो आला.

गौरीच्या आदल्या दिवशी काकूचा फोन लातूरला गेला. पुतण्याकडे कोरड्या गावात जायचं होतं, बोअरचं पाणी. "डाळीला सोडा किती घालतेस गो?"

"चिमूटभर."

"कुणाच्या चिमटीनं?" काकूने विचारलं.