गच्ची थंड ठेवणं (कूल रूफ)

गच्ची थंड ठेवणं म्हणजे स्लॅबवर किंवा पत्र्यावर पांढरा थर देऊन, नाहीतर वर सावली करून ऊन घरात उतरूच न देणं, म्हणजे पंखा, कूलर, एसीवरचा भार कमी होतो आणि उन्हाळ्याचं लाईट बिल आटोक्यात राहतं. महाराष्ट्रात घर गरम करायचा खर्च जवळपास नाहीच, फार तर थंडीत गिझर, त्यामुळे आपल्याकडे वीज वाचवणं हा मुख्यतः उन्हाळ्याचा विषय, त्यातही विदर्भ, मराठवाडा, खानदेशाचा, जिथे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो.

मूळ अडचण आरसीसी स्लॅबची. चार-पाच इंचाचं काँक्रीट दिवसभर तापतं, उघडी राखाडी गच्ची भर दुपारी 60 अंशांपर्यंत जाऊ शकते, ती उष्णता हळूहळू खाली झिरपते आणि दिवेलागणीनंतर खोलीत यायला लागते. म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावर रात्री दहा वाजता बाहेर गार वारं सुटलेलं असतं आणि आत पंखा लावला की गरम हवाच अंगावर येते, स्टुलावर चढून छताला हात लावून बघा, नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखं लागतं. जुन्या माळवदात, धाब्याच्या घरात हा त्रास कमी होता कारण लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा आणि भिंतीही हातभर रुंद, दिवसाचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची आणि तोवर माणसं अंगणात झोपायला गेलेली असायची.

सगळ्यात स्वस्त उपाय चुना. मार्चमध्ये गच्ची घासून-धुवून घ्यायची, कळीचा चुना लोखंडी ड्रममध्ये रात्रभर भिजवायचा (पाणी पडताच तो उकळतो आणि उडतो, मुलांना लांब ठेवा, डोळ्यात गेला तर फार वाईट), सकाळी गाळून त्यात फेविकॉल मिसळायचं आणि कुंच्याने दोन हात मारायचे, दुसरा हात पहिला वाळल्यावर. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, साधं तत्त्व आहे. एका पावसाळ्यात बराचसा चुना धुऊन जातो म्हणून दरवर्षी मारावा लागतो, जास्त टिकायला हवा असेल तर पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट किंवा चायना चिप्स (पांढऱ्या टाइल्सचे फुटके तुकडे गच्चीवर बसवणं). हिरवी नेट बांधली तर तीही चांगली पण स्लॅबपासून दोन-तीन फूट वर हवी, मधून वारं खेळलं पाहिजे. पश्चिमेच्या खिडकीचंही तेच, आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, बाहेरून लावलेली चिक किंवा वाळ्याची ताटी आधीच अडवते.

आता बिलाचं. एक टनाचा एसी म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकणारं मशीन, छत तापलेलं असेल तर तो रात्रभर छताशीच झुंजतो, कॉम्प्रेसर बंद पडायचं नाव घेत नाही. माझ्या मते गच्चीचं काही न करता मोठा एसी घेणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या (वीज बचतीचं काम बघणारी केंद्राची संस्था, स्टार रेटिंग तीच देते) म्हणण्यानुसार सेटिंग एक अंशाने वाढवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते, आणि 2020 पासून स्टार रेटिंगचे नवे एसी चालू करताच 24 वर येतात. साधा सीलिंग फॅन 75 वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, 30 च्या आसपास. महावितरणचं बिल टप्प्यांचं आहे, 100 युनिटपर्यंत एक दर, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत, आणि प्रत्येक टप्प्याला दर चढा, त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. कूलर विदर्भाच्या कोरड्या हवेत उत्तम, समोरची खिडकी मात्र उघडी हवी, मुंबई-कोकणाच्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही.

केंद्राने 2018 मध्ये घरांसाठी इको निवास संहिता आणली, भिंती, खिडक्या, छतातून किती उष्णता आत यावी त्याची मर्यादा त्यात आहे. तेलंगणाने 2023 मध्ये कूल रूफ पॉलिसीच केली. नव्या बांधकामाला हे ठीक, पण खरी गरज पत्र्याच्या घरांना आहे. पत्रा पातळ, तो उष्णता धरूनच ठेवत नाही, ऊन पडताच खाली ओततो, म्हणून चुना मारला की फरक त्याच दुपारी कळतो. अशा घरात बहुतेक वेळा एसी नसतोच, बिल फारसं कमी होणार नाही, पण दुपारी तान्ह्या बाळाला आणि म्हाताऱ्या माणसाला घरात पडता येतं.