मोजायला गेले की संपणारा साठा

शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के भरणारा मेंदू माणूस स्वस्थ बसलेला असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेतील सुमारे २० टक्के वाटा खर्च करतो. तरीही त्याच्याजवळ शिल्लक फार थोडी असते. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्ये यकृतातून वेगळे केलेले ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचे रेणू जोडून साठवलेले रूप, मेंदूतही आढळते, मात्र यकृताच्या मानाने अत्यल्प, आणि तेही मुख्यत्वे चेतापेशींत नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशींत.

हा साठा मोजणे अवघड आहे, कारण रक्तपुरवठा थांबताच विकरे (एन्झाइम) त्याचे विघटन सुरू करतात आणि काही मिनिटांतच तो जवळजवळ नाहीसा होतो. मेंदू द्रव नायट्रोजनमध्ये गोठवला, तरी बाहेरचा थर आधी गोठतो आणि आतल्या भागात तोवर विघटन चालूच राहते. म्हणून उंदरांवरील प्रयोगांत डोक्यावर केंद्रित केलेल्या शक्तिशाली सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) वापरतात. त्यांच्या उष्णतेने सेकंदाभरात विकरे निकामी होतात. प्राण्याला भूल द्यावी, तर मेंदूचे काम मंदावून ग्लायकोजेन वाढते. न देता हाताळावे, तर ताणामुळे ते घटते. त्यामुळे जुन्या शोधनिबंधांतील आकडे वाचताना प्राणी कसा मारला होता, हे आधी पाहिलेले बरे.

माणसाच्या बाबतीत हा मार्गच बंद आहे. तेथे कार्बन-१३ या समस्थानिकाने युक्त ग्लुकोज शिरेतून तासन्‌तास देऊन, ते ग्लायकोजेनमध्ये कितपत शिरते हे चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटाने, म्हणजे या अणूंचे चुंबकीय संकेत बाहेरून टिपून, पाहतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अशी मोजमापे झाली आहेत. पण निसर्गात कार्बन-१३ चे प्रमाण सुमारे १.१ टक्केच असल्याने मुळातला संकेत क्षीण असतो, आणि साठ्याची उलाढाल काही दिवसांच्या गतीने होत असल्याने बाहेरून दिलेला कार्बनही त्यात सावकाश मुरतो. संकेत पुरेसा मिळावा म्हणून मेंदूचा बराच मोठा भाग एकत्र मोजावा लागतो, आणि मग कोणत्या पेशीत किती, हा मूळ प्रश्न तसाच उरतो.

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूच्या भागातील ग्लायकोजेनचे विघटन रोखल्यास उंदरांच्या दीर्घकालीन स्मृतीत बिघाड होतो, असे २०११ मध्ये दिसून आले. ॲस्ट्रोसाइटकडून चेतापेशींना लॅक्टेट, म्हणजे ग्लायकोजेनच्या विघटनातून तयार होणारे इंधन, मिळत असावे, असे स्पष्टीकरण त्यासाठी दिले जाते. त्यावरचा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.

स्पॅनिश मेंदूविकारतज्ज्ञ गोन्झालो लाफोरा यांनी १९११ मध्ये वर्णिलेल्या, किशोरवयात अपस्माराने सुरू होणाऱ्या दुर्धर आजारात मात्र परिस्थिती उलटी असते. त्यात ग्लायकोजेनची रचनाच बिघडलेली असते, ते विरघळत नाही, विकरांना सहजी दाद देत नाही, आणि मृत्यूनंतरही साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या गाठी स्पष्ट दिसतात.