टीपी बुक कुणाकडे? ग्रामसभा, वनखातं आणि 'भागीदारी'ची पार्श्वभूमी

आदिवासींना सोबत घेऊन काम करू, असं राज्यकर्ते गेली कित्येक वर्षं सांगत आहेत. त्या वचनाचं प्रत्यक्षात काय झालं, हे पाहायचं तर धोरणाची प्रस्तावना वाचून भागत नाही. बांबूचा ट्रक गावाबाहेर काढायला लागणारा वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, कोण फाडतं आणि विक्रीचे पैसे कुणाच्या खात्यावर जमा होतात, एवढं पाहावं. महाराष्ट्रात या दोन प्रश्नांची उत्तरं बदलायला साधारण पंचवीस वर्षं लागली.

1988 च्या राष्ट्रीय वनधोरणानं जंगलावर पहिला हक्क भोवतालच्या लोकांच्या गरजांचा मानला. त्यावरून केंद्रानं 1 जून 1990 रोजी संयुक्त वन व्यवस्थापनाचं परिपत्रक काढलं आणि 1992 मध्ये महाराष्ट्रानं आपला शासन निर्णय केला. गावात समिती स्थापायची, लोकांनी जंगल राखायचं आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा, अशी ती योजना होती. कागदावर भागीदारी होती, पण समितीचं सचिवपद वनखात्याच्या कर्मचाऱ्याकडे, आराखडा खात्याचा आणि करार मोडायचा अधिकारही खात्याचाच. शिवाय जंगल मुख्यतः ऱ्हास झालेलं. गडचिरोलीतला चांगला बांबू कागद गिरणीला दीर्घ मुदतीच्या करारानं जात होता, त्या व्यवहारात गावाला स्थान नव्हतं.

आदिवासी भागांतल्या पंचायतींचा विचार करणाऱ्या भूरिया समितीच्या शिफारशींवरून 24 डिसेंबर 1996 ला पेसा कायदा (पंचायत व्यवस्था आदिवासी भागांना लागू करणारा केंद्राचा कायदा) झाला आणि संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या, क्षेत्रात गौण वनोपजाची (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची) मालकी ग्रामसभा व पंचायतींकडे आली. राज्यानं 1997 मध्ये त्यासाठी स्वतःचा कायदाही केला, पण ज्यात खरा पैसा आहे ते बांबू आणि तेंदू (विडीचं पान) त्यातून वगळले. महाराष्ट्राचे पेसा नियम यायला 4 मार्च 2014 उजाडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले, म्हणजे या क्षेत्रापुरता कायदा बदलण्याचे, अधिकार वापरून अधिसूचना काढली, तेव्हा कुठे हे दोन्ही ग्रामसभेच्या मालकीत आले. राज्यपालांचे हे अधिकार संविधानात सुरुवातीपासून आहेत; ते फारसे वापरले गेले नाहीत, एवढंच.

मधल्या काळात वनहक्क कायदा आला. 2006 चा हा कायदा 31 डिसेंबर 2007 पासून लागू झाला आणि नियम 1 जानेवारी 2008 ला निघाले. वैयक्तिक दाव्यांची, म्हणजे जास्तीत जास्त 4 हेक्टर जमिनीची, चर्चा जास्त होते. पण वनव्यवस्थापनाच्या दृष्टीनं महत्त्वाचं कलम 3(1)(झ). गाव परंपरेनं जे जंगल राखत आलं, त्याचं संरक्षण, पुनर्निर्मिती आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यात आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला ऑगस्ट 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर असा हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक.

हक्क मिळाला तरी बांबू गावाबाहेर जाईना. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपज होता, तर 1927 च्या वन अधिनियमात तो झाड ठरत होता. त्या जुन्या आधारावर खातं टीपी देत नव्हतं. मार्च 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि 27 एप्रिलला मेंढ्यात टीपी बुक ग्रामसभेच्या हाती दिलं. ही सोय एका गावापुरती होती. सगळ्यांसाठी नियम 6 सप्टेंबर 2012 च्या सुधारणेनं आला: परवाना ग्रामसभेची समिती किंवा तिनं नेमलेली व्यक्ती देईल आणि वनोपजावर स्वामित्वशुल्क लागणार नाही.

दाव्याची वाट ग्रामसभेपासून सुरू होते. 10 ते 15 जणांची वनहक्क समिती पडताळणी करते, ग्रामसभा ठराव घेते, मग फाईल उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जाते. ठरावाला निम्म्या सदस्यांची हजेरी आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. गणपूर्तीची नोंद नीट नसली की इथेच दावा अडतो. पुरावे किमान दोन लागतात. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही त्यात चालतो, पण फक्त सरकारी कागदच मागण्याची सवय कार्यालयांना सुटत नाही. ग्रामसभेच्या किंवा उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची मुदत 60 दिवसांची, म्हणून नकार कारणांसह लेखी घेणं फार गरजेचं. आणखी एक अडचण अशी की अधिकारपत्र मिळतं, पण नकाशा जोडलेला नसतो किंवा क्षेत्र दाव्यापेक्षा कमी धरलेलं असतं. पुढे शेजारच्या गावाशी हद्दीवरून वाद झाला की ग्रामसभेकडे दाखवायला काही नसतं.

विक्रीचं गणित वेगळं. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांचा, त्यामुळे लिलाव लांबला की पानं निबर होतात आणि ठेकेदार भाव पाडतो. एकटं गाव कमी माल घेऊन बसतं, म्हणून गडचिरोलीत अनेक ग्रामसभांनी एकत्र लिलाव केले. शिवाय विक्रेता म्हणून प्राप्तिकराच्या नियमांप्रमाणे ठेकेदाराकडून कर वसूल करून भरणं ही ग्रामसभेची जबाबदारी होते. त्यासाठी पॅन आणि टॅन (कर वसूल करणाऱ्याचा क्रमांक) दोन्ही हवेत. बऱ्याच गावांना हे नोटीस आल्यावर कळतं. पाचगावनं (जि. चंद्रपूर) तर तेंदूला नवी पालवी यावी म्हणून होणारं फांद्या छाटणं आणि आगी लावणं टाळण्यासाठी तेंदूची तोडणीच बंद केली आणि बांबूवर भर दिला. हक्कात 'न तोडण्याचा' निर्णयही येतो, हे त्यातून दिसतं.

2014 मध्येच राज्यानं महाराष्ट्र ग्रामवन नियमही आणले. त्यात वनखात्याची भूमिका पुन्हा मागच्या दारानं येते, असा आक्षेप संघटनांचा होता. केंद्रीय आदिवासी मंत्रालयानंही हरकत घेतली.

पैशाच्या बाबतीत मोठं पाऊल 2015 चं. आदिवासी उपयोजनेच्या, म्हणजे अर्थसंकल्पात आदिवासींसाठी वेगळ्या ठेवलेल्या, निधीपैकी 5 टक्के रक्कम पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण आणि वनसंवर्धन व उपजीविका असे त्याचे चार भाग ठरले. पण निधी पंचायतीला आणि हक्क ग्रामसभेला, हा तिढा त्यातही राहिला. पंचायतीत चार पाडे असले की पैसा मोठ्या गावाच्या रस्त्यात संपतो. त्यावर उपाय पेसा नियमांतच आहे: पाड्यानं बहुमताच्या ठरावानं स्वतःला स्वतंत्र गाव घोषित करून घ्यायचं.

जिल्हा समितीनं दावा फेटाळल्यास पूर्वी वर दाद मागायची सोय नव्हती. 18 मे 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनं पेसा क्षेत्रासाठी ती झाली. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आता अपील करता येतं.