रेशमी साडीवर डाग पडला तर चोळू नका, तशीच आणा

चैत्रातली हळदीकुंकवं सुरू झाली की आमच्या ड्रायक्लीनच्या काउंटरवर एक तक्रार हमखास येते. "साडी दिली तेव्हा स्वच्छ होती. हा पिवळा डाग तुमच्याकडेच पडला." असं म्हणणाऱ्या काकू किंवा वहिनी खोटं बोलत नसतात, साडी देताना डाग खरोखरच दिसत नव्हता. पण तो आमच्याकडे पडलेला नसतो. प्रत्येकीला काउंटरवर नीट समजावून सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून हे पत्रक साडीसोबत देत आहोत.

हळदीकुंकवाला पन्ह्याचे चार थेंब निऱ्यांवर सांडतात. रुमालाने टिपले की वाळतात आणि कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. पाणी उडून जातं, पण त्यातला गूळ किंवा साखर धाग्यात तशीच राहते. ड्रायक्लीनचं मशीन पाण्यावर चालत नाही, पेट्रोलच्या जातीच्या द्रावणावर चालतं. त्या द्रावणात तेल, तूप, मेण सुटतं, साखर मात्र विरघळत नाही. पुढे साडीवर वाफेची इस्त्री फिरते आणि पाक जास्त वेळ आचेवर राहिला की जसा तांबूस होतो, तशी ती साखर तांबूस होते. इस्त्री केली नाही तरी कपाटात काही महिन्यांनी तेच होतं. कोल्ड्रिंक, उसाचा रस, जिलेबीचा पाक यांचंही असंच. आपल्या इंदूरच्या सराफ्यातली शिकंजी तर दुधाची, म्हणजे साखरेबरोबर दुधाचाही डाग, आणि दुधाचा डाग उष्णतेने धाग्याला घट्ट धरतो.

हे आधी कळलं तर काम सोपं असतं. मशीनमध्ये घालण्याआधी तेवढीच जागा टेबलावर घेऊन, थोड्या पाण्याने आणि वाफेने साखर काढता येते. म्हणून साडी घेताना आम्ही "काही सांडलं होतं का?" असं विचारतो. कृपया त्याचा राग मानू नका.

आता ज्या चुकीमुळे आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि ग्राहकांची साडी जाते, तिच्याबद्दल. डाग पडला की घरातलं कोणीतरी लगेच साबण लावून चोळतं. आमच्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या साड्यांपैकी बहुतेक डागाने बिघडलेल्या नसतात, चोळण्याने बिघडलेल्या असतात.

रेशमाचा तंतू अतिशय बारीक आणि गुळगुळीत असतो, म्हणून तर त्याला झळाळी असते. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं. ते ओलं असताना घासलं की तंतू उकलतो, त्याची बारीक कुसं निघतात आणि तेवढा भाग पांढुरका, निस्तेज दिसू लागतो. याला डाग म्हणता येत नाही, तिथला धागाच झिजलेला असतो. त्यावर जगात कुठलंही केमिकल चालत नाही. चंदेरीचं तर आणखी नाजूक. तिच्या रेशमातला नैसर्गिक डिंक काढलेला नसतो, त्यानेच तिला तो पारदर्शक कडकपणा येतो. गरम पाणी आणि साबण लागला की डिंक सुटतो आणि तेवढीच जागा मऊ, लुळी पडते. महेश्वरीत ताणा, म्हणजे उभा धागा, रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, सुती. पाणी लागलं की दोन्ही सारखे वागत नाहीत, चोळलेल्या जागी कापड आखडतं.

हळदीचं तर सगळ्यांना माहीत आहे, साबण लावला की ती लाल होते. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तीच ही गोष्ट. मग घाबरून कोणी लिंबू पिळतं. डाग पुन्हा पिवळा होतो आणि गेल्यासारखा वाटतो, पण हळद तिथेच असते. वरून लिंबाने साडीचा रंग उतरतो आणि जरीची तार तांब्याची असेल तर ती काळी पडू शकते. मागच्या वर्षी एका ताईंची जांभळी पैठणी अशीच आली. डाळीतली हळद, त्यावर भांड्याचा साबण, त्यावर लिंबू आणि शेवटी इस्त्री. नुसती हळद असती तर बरीचशी निघाली असती. पण आम्ही पाच दिवस तिच्यावर काम करूनही पदरावर फिकट चट्टा राहिलाच. त्या ताईंनी साबण-लिंबाचं आधी सांगितलं नव्हतं, नाहीतर पहिले दोन दिवस वाचले असते. उन्हात हळद उडते हे खरं आहे, पण त्याच उन्हात रेशमाचा रंगही उडतो. तेव्हा साडी गच्चीवर टाकू नका.

पांढऱ्या रेशमावर, मुंजीच्या सोवळ्यावर वगैरे, घरातलं ब्लीच कधीही घालू नका. ते रेशीम खातं.

मग करायचं काय? पांढरा सुती रुमाल डागावर नुसता दाबा आणि उचला. तेलकट डाग असेल, तळलेल्या गराडू कंदाचा किंवा वरणावरच्या तुपाचा, तर साधी टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवा आणि हलक्या हाताने झटका. रंगपंचमीचा गुलाल फक्त झटका, पाणी अजिबात नको. इस्त्री करू नका. आणि दोन-तीन दिवसांत आणा. ताजा डाग आणि सहा महिन्यांचा डाग यांत आम्हाला फार फरक पडतो.

"नुसतं पॉलिश करून द्या" असंही बरेच जण म्हणतात. पॉलिश म्हणजे खळ आणि गरम रोलर. घामाच्या, अत्तराच्या किंवा सांडलेल्या साडीवर ते केलं की डाग पक्का होतो. म्हणून न धुतलेल्या साडीला आम्ही पॉलिश करत नाही, ग्राहक नाराज झाला तरी.

डागाच्या साडीला आम्ही आठवडा मागतो आणि त्याचे पैसे वेगळे लावतो, त्याचं कारण एवढंच की ते काम हाताचं आहे. प्रत्येक डागाला वेगळं औषध लागतं. चहाला चालतं ते रक्ताला चालत नाही. आधी फॉलच्या आतल्या बाजूला थेंब लावून रंग सुटतो का ते बघतो, मगच डागाला हात लावतो. रंग सुटत असेल तर तसं फोन करून सांगतो आणि तुमच्या होकाराशिवाय पुढे जात नाही. काही साड्या आम्ही परतही देतो.

लग्नसराईनंतर साड्या कपाटात ठेवण्याआधी एकदा दुकानात आणा. दिव्याखाली उलगडून बघायचे पैसे आम्ही घेत नाही. सोबत एक चिठ्ठी असू द्या: काय सांडलं, कधी सांडलं, घरी त्यावर काय लावलं. ती आम्ही पावतीला टाचून थेट टेबलावरच्या कारागिरापर्यंत पोचवतो.